साडेसहा खुणा

बो खळ्यावरच्या मोजकाठीला पाठ लावून उभा राहिला, आणि त्याचं डोकं साडेसहाव्या खुणेच्या बोटभर वर गेलं.

राजधानीहून आलेल्या कारकुनाने डोक्यावर फळी ठेवून पुन्हा पाहिलं. "भरला," तो म्हणाला. "डोंगरावर."

डोंगर म्हणजे सम्राटांची कबर. सम्राट हयात होते, तब्येतीने उत्तम होते, आणि न मरण्याचं औषध शोधायला त्यांनी समुद्रावर माणसंही धाडली होती. कबरीचं काम मात्र थांबवलं नव्हतं. त्या कामावर नेताना वय कुणी विचारत नसे. साडेसहा खुणांना पोचला तो गडी, खाली राहिला तो पोर. बोचा बाप तीन वर्षांपूर्वी तिकडेच गेला होता. तो अजून यायचा होता.

"असं कसं होईल?" बोची आई रुआन पुढे आली. "परवाच मोजलाय मी. चांगला बोटभर कमी होता."

"मग दोन दिवसांत दोन बोटं वाढला. खाणंपिणं चांगलं दिसतंय घरी."

रांगेत कुणी हसलं नाही. त्या वर्षी गावात राळ्याची पेज होती, तीही एक वेळ. शिवाय आयांच्या सांगण्यावरून सगळी पोरं गुडघ्यात वाकून चालत. लांबून पाहणाऱ्याला वाटे, या गावात म्हातारेच राहतात. बो तर चार वर्षं तसाच चालत होता. आज दोन शिपायांनी गुडघे दाबून त्याला सरळ केला होता.

रुआन घराकडे धावली आणि नवऱ्याची लाल काठी घेऊन आली. नवरा सुतार होता. काठीवर बारीक, नेटक्या खुणा होत्या. कुणी काही म्हणायच्या आत तिने ती बोच्या पाठीला लावली. डोकं खुणेच्या बोटभर खाली राहिलं.

"पोर वाढलं नाही, साहेब. तुमची काठी आखूड आहे."



कारकुनाने लाल काठी तिच्या हातून घेतली; पोराकडे तो पाहतच नव्हता. "ही सम्राटांपुढे हरलेल्या तुमच्या जुन्या राजाच्या वेळची," तो म्हणाला. "सम्राटांनी सगळ्या मुलखाला एकच माप दिलं. जुनी मापं जाळा म्हणून गेल्या हिवाळ्यात दवंडी दिली. ही कुणाची?"

"कुणाची म्हणजे?" गावचे प्रमुख गोंगकाका घाईने मध्ये पडले. "पेज ढवळायची आहे, साहेब. बाईमाणूस, तिला मापातलं काय कळतंय."

"ढवळायच्या काठीवर खुणा कशाला?"

"पेज किती उरली ते बघायला."

कारकुनाने मान खाली घातली. हसू दाबायला घातली असावी. मग काठी रुआनच्या हातात परत दिली. "जा बाई घरी. चुलीत घाल ही."

रुआन हलली नाही. "जुनं माप ठेवलं तर शिक्षा काय असते?"

"तुला काय करायचंय? मातीकाम."

"कुठे?"

"डोंगरावरच. बायका माती चाळतात तिथे."

रुआनने एकदा पोराकडे पाहिलं. काठी पुन्हा कारकुनापुढे धरली.

"ही पेजेची नाही, साहेब. माप आहे, आणि माझं आहे. महिन्यातून दोनदा मोजत होते."

"सूनबाई, तोंड आवर गं," गोंगकाका म्हणाले. "अजूनही गप्प बसलीस तर घरी राहशील."

"घरी कोण आहे, काका?" मग ती कारकुनाला म्हणाली, "दोघांची नावं शेजारी शेजारी लिहा. वाटेत चुकामूक नको."

कारकुनाने बांबूच्या पट्टीवर दोन्ही नावं लिहिली. गुन्ह्यातल्या वस्तूची लांबीही नोंदवायची होती. त्याने लाल काठीला सरकारी काठी भिडवली, सरकारी साडेसहावी खूण दोन बोटं खाली आली, आणि त्याने तेवढी जागा कोरी सोडली.

ऊन चढायच्या आत दोघं निघाली, एकाच दोराला बांधलेली. पुढे शिपाई, मागे शिपाई. बो सवयीने गुडघ्यात वाकून चालत होता.

"ताठ चाल रे," रुआन म्हणाली. "झालं आता मोजून."