पुरं नाव

"सापडली का जी?" लहानूने दारातूनच विचारले. चपला त्याच्या हातात होत्या. मशीनच्या खोलीत चपला चालत नाहीत म्हणून कोणीतरी त्याला दटावले होते, आणि बाहेर ठेवल्या तर जातील अशी त्याला भीती होती.

"शोधून राहिलं मशीन," मधुकरराव म्हणाले. खोली त्यांच्या ताब्यात होती. "बसा तुम्ही."

लहानू बसला नाही. वरच्या मजल्यावर त्याची बायको ऑपरेशनच्या टेबलावर होती. अपेंडिक्स फुटायच्या बेतात आले होते. भूल देणारे डॉक्टर औषध भरून उभे होते, पण सुई टोचत नव्हते. मागच्या ऑपरेशनला, याच दवाखान्यात, भुलीच्या एका औषधाने तिचा श्वास बंद पडला होता. लहानूला एवढेच आठवत होते. औषधाचे नाव जुन्या फाइलमध्ये होते. फायली मागच्या हॉलमध्ये, नंबराप्रमाणे लावलेल्या. नंबराचे कार्ड सावनेरला घरी राहिले होते. आता नावावरून नंबर फक्त मशीन सांगू शकत होते.

पडद्यावर एक हिरवी खूण उघडझाप करत होती. बाकी काही नाही.

फोन वाजला. मशीनसमोर बसलेल्या उत्तराने घेतला, ऐकला, ठेवला. ती नव्यानेच कामाला लागली होती. "डॉक्टर विचारतात अजून किती वेळ. पोट दगडासारखं झालंय म्हणे."

"पहिल्या वर्षी चहा पिऊन होईपर्यंत उत्तर यायचं," मधुकरराव म्हणाले. "आता पेशंट वाढले. मशीन तरी काय करणार?"

"पेशंट वाढले म्हणून इतका वेळ नाही लागत, सर. आत नावं क्रमाने लावलेली आहेत, टेलिफोनच्या पुस्तकासारखी. त्याने सरळ बायजाच्या 'ब'वर जायला पाहिजे." उत्तराने प्रोग्रामचा कागद पुढे ओढला. तिचे बोट एका ओळीवर थांबले. "ही ओळ काहून आहे इथे?"

"मीच टाकायला लावली. आपल्याकडे नाव लिहिणारा कोणाला राव लावतो, कोणाला जी, कोणाला बाई. शोधणारा नुसतं नाव सांगतो. मग जुळत नाही. म्हटलं, शेपूट काढा आणि मग जुळवा."

"कोणाचं शेपूट काढतं ते?"

"ज्याचं असेल त्याचं."

"सगळ्यांचं, सर! दर वेळी! आतल्या एकेका माणसाला उभं करतं, त्याचा राव काढतं, तिची बाई काढतं, आणि मग पाहतं हीच का ती. मग क्रम लावून उपयोग काय? उद्या तुम्हाला शोधायचं झालं तर आधी मधुकर करेल, मग ओळखेल!"

लहानूला शब्द कळले नाहीत. आवाज कळला. तो एक पाऊल आत आला.

"मी हा शोध बंद करते," उत्तरा म्हणाली. "ही ओळ सोडून सरळ नावाने विचारते."

"खबरदार! अर्ध्यावर आलं असेल ते. आणि नाव तसंच लिहिलेलं नसलं तर? पुन्हा पहिल्यापासून. तोपर्यंत ती बाई..." मधुकररावांनी लहानूकडे पाहिले आणि वाक्य गिळले.

उत्तराचा हात थांबला. दुसरा पडदा दुरुस्तीला गेला होता. जे करायचे ते याच्यावरच. ती लहानूकडे वळली.

"दादा, मागच्या वेळी नाव कोणी सांगितलं होतं?"

"म्याच सांगतलं. खिडकीपाशी."

"काय सांगितलं? बायजा, का बायजाबाई?"

लहानूला रागच आला. "बायजाबाई! घरी म्हणतो मी बायजे. ते माह्यं घर हाय. चार लोकाइत म्या तिले कधी नुसतं बायजा म्हटलं नाई. त्या खिडकीतल्या पोरीनं नुसतं बायजा लिवलं होतं. म्या हाललो नाई तिथून. म्हटलं, बाई लाव. काहून? चुकलं का काई?"

"काही नाही चुकलं," उत्तरा म्हणाली आणि तिने चालू शोध तोडला.

मधुकररावांनी डोळे मिटले. उत्तराने नाव पूर्ण लिहिले. शेवटी बाई. बटण दाबले.

बोट उचलायच्या आत उत्तर आले. बायजाबाई, नवऱ्याचे नाव लहानू, गाव सावनेर. पुढे नंबर.

"अरे!" मधुकरराव ओरडले. "अरे, आलं की!" नंबर मोठ्याने म्हणत ते स्वतःच हॉलकडे पळाले, पायात नुसते मोजे. त्यांच्या मागे लहानू, चपला हातात. मागे उत्तरा फोनवर डॉक्टरांना ओरडून सांगत होती, "थांबा, फाइल येते आहे, थांबा!"

डॉक्टरांनी ऑपरेशनच्या दारातच उभ्याने फाइल वाचली. वाचून हातातल्या सुईकडे पाहिले.

"हेच भरलं होतं मी," ते म्हणाले. त्यांनी सुई ट्रेमध्ये टाकली, दुसरे औषध मागितले, आणि दार बंद झाले.

उत्तराने ती ओळ काढून टाकली आणि काम आटोपल्यावर वर आली. मधुकरराव बाकावर लहानूशेजारी बसले होते.

दार उघडले. सिस्टर बाहेर आली. तिच्या तोंडावर हसू होते.

"बायजाचं कोण आहे? शुद्धीवर आली. पाणी मागून राहिली."

लहानू उठला. चपला अजून त्याच्या हातातच होत्या.

"पुरं नाव घ्या, सिस्टर," तो म्हणाला. "लवकर सापडते."