येतो

कणांना वेग देणाऱ्या यंत्राची जोडणी चालू होती, तेव्हा त्याचं एकेक चुंबक लालबागच्या आमच्या शेडमध्ये तपासलं जायचं. द्रव हेलियमच्या टाकीत बुडवून करंट वाढवत न्यायचा आणि अतिवाहकता, म्हणजे तारेतून विरोधाशिवाय करंट वाहणं, कधी तुटते ते बघायचं. तुटण्याआधी तार आत जराशी सरकते. तो आवाज टिपायला टाकीत माइक असे.

त्या दुपारी ती तुटली, हेलियम भसाभसा वाफ होऊन निघाला आणि माइक ऐकत बसलेल्या कोकिळाताईंनी हेडफोन उतरवला.

“कडूभाऊ, आत कोणी ‘येतो’ म्हणालं.”

“मजाक नका करू, ताई.”

टाकी पुन्हा थंड झाल्यावर हेडफोन मी लावला. करंट चढत गेला. तार सरकली, आणि पाहुणा निघताना म्हणतो तसं कोणी माझ्या कानात म्हणालं, “येतो.”

घरची सवय. माझ्या तोंडून निघून गेलं, “या.”

अतिवाहकता त्या खेपेला तुटलीच नाही.

ताईंनी टेबलाची कड धरली. “तो चालला होता, भाऊ. परत कशाला बोलावलं?”

हेडफोनमध्ये कोणी एक चप्पल काढून ठेवली. मी घाईने हेडफोन उतरवला.

दुसरी चप्पल मला हेडफोनशिवायच ऐकू आली.