वरून ओतलेलं पाणी

राही आली तेव्हा खळ्यावर झोडणी रंगात आली होती आणि भाताचं भुसकट अख्ख्या अंगणात उडत होतं. ती कुंपणाशीच थांबली. तोंडावरचा मास्क नीट केला, प्लास्टिकची खुर्ची भुसकट येणार नाही अशा अंगाला ओढली आणि टेकली. शकू हातातली पेंढी टाकून धावत आली, तर लेकीनं दोन्ही हात पुढं करून तिला अडवलं.

"आय, लांबूनच. माझ्या कपड्यांना लागेल."

शकू होती तिथं उभी राहिली. अंगावरचं भुसकट तिनं पदरानं झटकलं, तर ते आणखीच उडालं.

डोळखांबच्या वरच्या पाड्यावरची ही पोर मुंबईत पीएचडी करते. विषय सिकलसेलचा. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि माणूस कळवळतो. तिच्या धाकट्या भावाला, सुयोगला, हाच आजार. गेल्या वर्षीच्या शिमग्याला तिच्या कामासाठी रक्त दिलं तेही त्यानंच. त्यातून वाढवलेल्या पेशींना राही रोज वेळेवर खायला घालते, उबेत ठेवते, सुट्टीच्या दिवशीसुद्धा जाऊन बघून येते. लग्नाच्या बायकोनं नवऱ्याचं केलं नसेल एवढं करते.

तरी दोनदा त्यांना बुरशी लागली. दोन्ही वेळा ती नुकतीच घरून परतली होती. तिचे मार्गदर्शक सर रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी सगळ्यांसमोर हसत विचारलं, "गावाहून येताना काय काय घेऊन येतेस गं?" सगळे हसले. राहीही हसली, आणि स्वतःचं ते हसणं तिला अजून पचलेलं नाही.

आता सुयोगच्या रक्ताची साठवलेली शेवटची कुपी तिनं पेशी वाढवायला काढली होती. तीही नासली तर पुन्हा श्रीगणेशा, आणि सर तेवढं थांबतील याची खात्री नव्हती. अंघोळ करून कपडे बदलले की पुरतं, हे तिला ठाऊक होतं. नव्या मुलांना तीच तर शिकवायची. पण एकदा धसका घेतला की शिकलेलं कामाला येत नाही. यायचंच नाही असं तिनं ठरवलं होतं, पण सुयोगचं दुखणं उसळल्याचा फोन आला आणि तिला राहवलं नाही.

सुयोग ओटीवर गोधडी पांघरून पडला होता. ती आली की तेल कोमट करून त्याचे गुडघे चोळायची, हे वर्षानुवर्षांचं. त्यानं गोधडी आधीच गुडघ्यावरून बाजूला सारली होती.

"आय चोळेल तुला," राही खुर्चीवरूनच म्हणाली.

त्यानं गोधडी पुन्हा ओढून घेतली. मग त्यानं विचारलं, "माझ्या त्या पेशी कशा हायेत गो?"

"बऱ्या हायेत."

"त्यांच्याजवळ बसतेस ना रोज?"

"बसते."

"मग झालं," तो म्हणाला आणि कुडाकडं तोंड करून पडला.

राहीला वाटलं, उठावं, ओटीवर जावं, त्याचे पाय मांडीवर घ्यावेत. चार पावलांचं तर अंतर. पण तिच्या डोळ्यांपुढं फ्लास्कमधला बुरशीचा तो पांढरा कापसासारखा ठिपका आला आणि ती खुर्चीतच चुळबुळत राहिली.

शकूनं झोडणी थांबवायला सांगितली. झोडणारी माणसं जांभळीखाली जाऊन बसली आणि इकडं बघत राहिली. आपल्यामुळं कामाचा खोळंबा नको, असं राही म्हणाली, पण शकूनं ऐकलं नाही. जेवतेस का वेळेवर, खोलीवर सोबतीला कोण आहे, सगळं तिनं लांबूनच विचारलं. सोबतीला कोणी नाही, हे राहीनं सांगितलं नाही. मास्कमुळं घसा कोरडा पडला होता, तेवढं सांगितलं.

शकू लगबगीनं आत गेली आणि पितळी लोटा भरून घेऊन आली. लोटा राहीच्या हातात द्यायला ती वाकली, आणि मध्येच थबकली. तिनं आपल्या हाताकडं पाहिलं. बोटांच्या रेघांत भाताचा कोंडा बसला होता.

लग्नाआधी शकू खाली सखल मुलखात एका बड्या घरी भातलावणीला जायची. तिथली मालकीण मजुरांना पाणी द्यायची ते उंचावरून, ओंजळीत. निम्मं पाणी कोपरावरून गळून जायचं. शकू हे सांगायची ते हसत, मालकिणीची नक्कल करत, आणि लहानपणी राही खदखदून हसायची.

"हात पुढं कर," शकू म्हणाली. "मी लोटा लागू देत नाय तुला. तुझं काम नको बिघडायला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. राहीनं मास्क खाली ओढला, ओंजळ केली आणि वाकली. शकूनं लोटा उंच धरला आणि धार सोडली, सफाईनं, स्वतःचा हात लेकीच्या हातापासून वीतभर लांब ठेवून. पाणी गार होतं. निम्मं कोपरावरून गळून अंगणात जिरत होतं.

"पुरे का गो?" शकूनं विचारलं.

राहीची तहान केव्हाच भागली होती. तरी ती पीत राहिली. पुरे म्हणायचं तर मान वर करावी लागली असती.