तळमजल्यावरचा तास

प्राध्यापिकेची हजेरी संपली, तरी कंडक्टरताई अजून बोटाने डोकी मोजत होत्या. सत्तावीस वर्षं बसमध्ये तेच केलेलं. सवय जाते कुठे!

"नावं एकतीस घेतलीत, डोकी तीसच आहेत," त्या म्हणाल्या. "आणि एका नावाला सगळा वर्ग 'खाली' म्हणाला. खाली म्हणजे कुठे?"

प्राध्यापिका ओशाळली. पाहुण्या मानाच्या होत्या. बसडेपोंमध्ये बायकांना स्वच्छतागृह आणि टेकायला एक खोली मिळावी म्हणून ताई नऊ वर्षं भांडल्या होत्या, आणि मिळवूनच थांबल्या होत्या. चार वाजता तिसऱ्या मजल्यावर कुलगुरूंच्या हस्ते त्यांचा सत्कार होता. त्याआधी त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या या वर्गात एक तास घ्यायचा, असं ठरलं होतं.

"आमची एक विद्यार्थिनी व्हीलचेअरवर असते," प्राध्यापिका म्हणाली. "लिफ्ट पाच महिने बंद आहे. ती खाली वाचनालयात बसते. आम्ही तिला प्रत्येक तास रेकॉर्ड करून पाठवतो."

"न चुकता," पहिल्या रांगेतल्या चष्मेवाल्याने पुस्ती जोडली.

ताईंनी फळ्याकडे पाहिलं. 'सामाजिक बदलासाठी नेतृत्व', झोकदार अक्षरात लिहिलं होतं. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली.

"उठा. आपापली खुर्ची उचला. तास खाली होईल."

जिन्यावर तीस खुर्च्यांचा एकच खडखडाट झाला. तळमजल्यावर, बंद लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत, कुलसचिवांच्या दारासमोरच वर्ग मांडला गेला. दोघी मैत्रिणी वाचनालयात धावल्या आणि तिला घेऊन आल्या. तेवीस-चोवीसची असेल. मांडीवर जाडजूड फाइल. आता पोरीचे डोळे भरून येणार, असं ताईंना वाटलं. पाठीवरून हात फिरवायची तयारीही त्यांनी मनात केली.

पोरीने सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. "हे कोणी ठरवलं?"

"मी," ताई म्हणाल्या. जरा ऐटीतच.

"मला विचारलंत?"

ताईंनी उचललेला हात पुन्हा पिशवीच्या पट्ट्यावर नेला.

"मला वर्ग खाली नको होता, ताई. मला वर जायचंय. आज तुम्ही वर्ग खाली आणलात, त्याचं कौतुक होईल. उद्यापासून सगळे म्हणतील, तिची सोय झाली की! मग लिफ्टचं नाव कोण काढतंय?"

ताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. फार वर्षांपूर्वी डेपोतल्या एका पुढाऱ्याने कोपऱ्यात दोरी बांधून पडदा लावून दिला होता. 'घ्या बायांनो, तुमची सोय केली,' असं म्हणाला होता. तो पडदा ताईंनीच ओढून काढला होता. आणि आज? आज त्यांनीच एक पडदा लावला होता.

"चुकलं माझं," त्या सरळ म्हणाल्या. "आता तू सांग, मी ऐकते." आणि प्राध्यापिकेने त्यांच्यासाठी आणलेली खुर्ची शेवटच्या रांगेत ओढून तीत बसल्या.

पोरीने फाइल उघडली. सहा अर्ज, सहाही अर्जांवर आवक खात्याचे शिक्के. "लिफ्ट दुरुस्त होऊन दीड महिना झाला. तपासनीस एकदा बघून गेला की सुरू. त्याला बोलवायच्या पत्रावर एक सही हवी आहे. ते पत्र त्या दाराआड पडलंय."

तीस माना दाराकडे वळल्या.

"एका सहीसाठी दीड महिना?" चष्मेवाला म्हणाला. "आम्हाला बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत. तास तेवढे पाठवत राहिलात."

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

"ऐका," ती पुढे म्हणाली. "कुलसचिव बाहेर आले की अर्ज मी वाचणार. बाकी कोणी ओरडायचं नाही. आपण ओरडलो तर ते ओरडण्यावर बोलतील, सहीवर बोलणार नाहीत."

मागे बसलेल्या ताईंनी मान डोलावली. एवढी एक गोष्ट शिकायला त्यांना चार वर्षं लागली होती.

तेवढ्यात दार उघडलं. कुलसचिव बाहेर आले, खुर्च्यांची गर्दी पाहून थबकले आणि वाट काढत थेट ताईंपाशी पोचले.

"अहो ताई, तुम्ही इथे कशा? कुलगुरूसाहेब वर वाट बघताहेत. चारला पाच कमी आहेत. मानपत्र वाचायचंय!"

"मानपत्र कुठे पळून जात नाही, साहेब. मी आत्ता वर्गात आहे. तास कधी सुटतो ते त्यांना विचारा." ताईंनी हनुवटीनेच पुढे पोरीकडे दाखवलं.

कुलसचिव वळले. पुढे गेले, कमरेत किंचित वाकले आणि आवाज मऊ करून म्हणाले, "हं, बोल बाळ. काय अडचण आहे तुझी?"

"अडचण नाही साहेब, काम आहे," ती म्हणाली. "आणि बसा ना. अर्ज सहा आहेत, उभ्याउभ्या पाठ धरेल तुमची."

चष्मेवाला उठला आणि त्याने आपली खुर्ची पुढे सरकवली. कुलसचिवांनी एकदा मागे आपल्या दाराकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे. मग गुडघ्यांपाशी पँट वर ओढली आणि ते बसले.

मागच्या रांगेत कंडक्टरताईंनी शेजारच्या मुलीकडून वहीचं एक पान मागून घेतलं आणि वरच्या कोपऱ्यात तारीख घातली.