बापाच्या ढोलाची थाप

कुपवाडच्या भाड्याच्या खोलीत सिद्धूनं बोटांनी ताल वाजवायचा स्वस्तातला पॅडचा कंट्रोलर लॅपटॉपला जोडला. मेलेल्या बापाच्या ढोलाची मोबाईलवर उरलेली थाप त्यानं सॉफ्टवेअरमध्ये भरली होती. गावात ढोलाभोवती गजी नाचायला आता माणसंच नाहीत. सगळी मुंबईत मरायला गेलीत.

माणात, गावच्या घरी एकटी असलेल्या आईला त्यानं फोनवर वाजवून ऐकवलं.

"लय ग्वाड," धोंडुबाई म्हणाली. "पर तुजा बा असा अडखळत नव्हता, गाढवा."

तो हसला. पॅडवरचे हात काढले.

"हां, आता जमलं बघ!"

"आई, मी वाजवत न्हाई."

त्यानं वायर उपटली. खोलीत कसलाच आवाज नव्हता.

"थांबू नगं रं. लय जवळ आलंय."

"आई, दार लावून घे!"

पलीकडं कडी निघाली.

"आवं, उंबऱ्यात का हुबं? या की आत."