शेवटचं बटण

शिंपीकाकांच्या डोक्यातली गाठ काढून सात वर्षं झाली होती. तरी दर वर्षी स्कॅनच्या दिवशी त्यांच्या दुकानात एक शर्ट एका बटणावाचून लटकलेला असायचाच. गिऱ्हाईक कुरकुरायचं. घरचे म्हणायचे, ऑपरेशनपासून विसराळू झालेत.

यंदाही ते कोऱ्या चेहऱ्यानं फाइल काखोटीला मारून निघाले, तेवढ्यात सून म्हणाली, "बाबा, त्या शर्टाचं बटण राहिलं होतं. मी लावून टाकलं. आता निवांत जा."

त्यांनी शर्ट हातात घेतला. टाके घट्ट होते, पोरीचा हात चांगला होता. मग कात्रीनं ते बटण अलगद कापून त्यांनी डबीत टाकलं.

"काही चुकलं का, बाबा?"

"नाही गं. ते मला परत आल्यावर लावायचं असतं."