कुठले गायकवाड?

"गायकवाड म्हणजे कुठले?" मानसीताईंनी विचारलं.

चैतालीने ओठांकडे नेलेला चहाचा कप खाली घेतला. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. लोणावळ्यातला हा भाड्याचा फ्लॅट तिला इतका आवडला होता, की बघताबघता तिने मनातल्या मनात सामानही लावून टाकलं होतं. खाली एक खोली, वर लाकडी माळा, चढायला शिडीवजा जिना. एजंट त्याला लॉफ्ट म्हणायचा आणि म्हणताना उगाच मान ताठ करायचा.

"तिकोणा पेठेचे," ती म्हणाली.

"गाव नाही विचारलं मी."

मानसीताई घरमालकीण. राहायच्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये. त्यांच्या हॉलच्या भिंतीवर देवांची एवढी दाटी, की कॅलेंडर लावायचं तर कुणाला तरी सरकावं लागलं असतं. दार त्यांनी सताड उघडं ठेवलं होतं. समोरच्या दारात सोसायटीच्या सेक्रेटरींची बायको मेथी निवडत बसली होती. केव्हाची एकच काडी खुडत होती.

चैतालीला ही जागा हवीच होती. हॉटेलात रिसेप्शनला तिची ड्युटी सकाळी सहाची, आणि गावातून पहिली एसटीच त्यानंतर सुटायची. सोमवारपासून उशीर झाला तर येऊच नकोस, असं मॅनेजरने सुनावलं होतं. याच प्रश्नापाशी तीन घरं हातची गेली होती. सोबत काम करणाऱ्या प्रितमने तिला पढवून पाठवलं होतं, "शहाण्णव कुळी म्हणून मोकळी हो. कोण तपासायला येतंय?"

शब्द ओठांवर आले. तिला स्वतःचीच शरम वाटली.

"आम्ही बौद्ध आहोत, काकू."

समोरचं मेथी निवडणं थांबलं.

मानसीताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं बाई," त्या चढ्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या भाचीने मागितलीय ना ही जागा! विसरलेच बघ मी. तुला नाही देता यायची."

चैतालीने कप ठेवला, पर्स उचलली. संतापाने तिचे डोळे भरून आले होते. सेक्रेटरींची बायको भाजी आवरून समाधानाने आत गेली आणि तिचं दार लागलं.

चैताली चपला घालायला वाकली, तशा मानसीताई तिच्याजवळ आल्या. त्यांनी समोरच्या बंद दाराकडे एकदा बघून घेतलं, तिचा हात घट्ट धरला आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाल्या, "जय भीम, बाळा."